सारा बर्नारचे तरुणपणचे छायाचित्र : छायाचित्रकार नादारने ते इतके साधे का ठेवले असावे?

खिडकीपाशी :

नमस्कार. वडिलांच्या पश्चात त्यांची पुस्तके लावत असताना काळ्या लाकडी चौकटीतली एक तसबीर पुन्हा हाती आली. माझ्या लहानपणापासून ती त्यांच्या लिहिण्याच्या टेबलामागच्या भिंतीवर होती. पण त्या बाई कोण, हे मी कधी विचारले नाही आणि त्यांनीही कधी सांगितले नाही. चौकटीच्या पाठीमागे लावलेल्या पुठ्ठ्यावर त्यांच्या अक्षरात ‘सारा बर्नार, नादार, पॅरिस’ एवढेच लिहिलेले आहे.

तसबिरीत जेमतेम विशीतली एक मुलगी अर्ध्यावर कापल्यासारख्या दिसणाऱ्या एका खांबावर हात टेकून आहे. अंगाभोवती भरपूर चुण्यांचे एकच जड वस्त्र गुंडाळलेले आहे आणि त्यातून खांदा उघडा राहिला आहे. केस दाट, कुरळे आणि बरेचसे विसकटलेले आहेत. कानात एक डूल आहे, तोही नीट पाहिल्यावाचून लक्षात येत नाही. ती आपल्याकडे पाहत नाही. तिची नजर बाजूला कुठेतरी लागलेली आहे. मागे काहीही नाही.

आता माझे प्रश्न. सारा बर्नार ही एकोणिसाव्या शतकातली बहुधा सर्वांत गाजलेली नटी. मग इतक्या प्रसिद्ध स्त्रीच्या अंगावर दागिने, मुकुट, एखाद्या भूमिकेचा पोशाख, असे काहीच कसे नाही? आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या तसबिरींमध्ये रंगवलेला पडदा, कुंडी, नक्षीची तिपाई हा सरंजाम हमखास असतो. येथे खांब आहे, पण बाकी सारे कोरे आहे, ते का? आणि शेवटचा, थोडासा स्वार्थाचा प्रश्न : माझ्याकडची प्रत त्या काळातली असू शकेल का? तिचा रंग तपकिरी आहे आणि कडा पिवळ्या पडल्या आहेत.

—

पडद्याआड :

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच दडलेले आहे, फक्त त्याची बाजू उलटी करून पाहावी लागते. आपण ‘इतक्या प्रसिद्ध स्त्रीच्या’ असे म्हणता. पण हे छायाचित्र काढले गेले तेव्हा ती प्रसिद्ध नव्हतीच.

नादारने काढलेल्या साराच्या या छायाचित्रांचा काळ साधारणपणे १८६४च्या सुमाराचा मानला जातो. साराचा जन्म १८४४चा, म्हणजे ती तेव्हा वीस वर्षांची होती. तोवर तिने रंगभूमीवर काय मिळवले होते, तर जवळजवळ काहीच नाही. १८६२मध्ये कोमेदी-फ्राँसेज या पॅरिसमधल्या सर्वांत मानाच्या नाट्यगृहात सतराव्या शतकातला नाटककार रासीन याच्या ‘इफिजेनी’ या शोकांतिकेतून तिने पदार्पण केले, पण ते फिके पडले. त्यानंतर काही महिन्यांतच, १८६३च्या आरंभी, तिथल्या एका ज्येष्ठ नटीशी तिचे भांडण झाले. नाटककार मोलिएरच्या स्मरणार्थ होणाऱ्या समारंभात साराच्या धाकट्या बहिणीचा पाय मादाम नाताली यांच्या झग्याच्या लोळत्या टोकावर पडला, नाताली यांनी त्या मुलीला ढकलले आणि साराने नाताली यांच्या थोबाडीत मारली. माफी मागायला तिने नकार दिला आणि नोकरी गेली. मग जिमनाझ नावाच्या हलक्याफुलक्या नाटकांच्या थिएटरात तिने काही काळ काढला, पण तेथेही नाव झाले नाही. १८६४च्या डिसेंबरात तिला मुलगा झाला, मोरिस. ती अविवाहित होती.

म्हणजे तसबिरीतली मुलगी ही पुढे ‘दिव्य सारा’ म्हणून गाजलेली नटी नव्हे. ती हातातले काम गेलेली आणि पुढचे काम शोधणारी एक होतकरू नटी आहे. तिचे नशीब उघडले ते पुढे, ओदेओँ या नाट्यगृहात १८६६मध्ये प्रवेश मिळाल्यावर. १८६९मध्ये फ्राँस्वा कोपेच्या ‘ल पासाँ’ या एकांकिकेत तिने झानेत्तो या तरुण भटक्या गायकाची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली आणि पॅरिस तिच्या मागे लागले. १८७२मध्ये कोमेदी-फ्राँसेजने तिला परत बोलावले. १८७४मध्ये तिने रासीनचेच ‘फेद्र’ केले. तिच्या आवाजाला ‘सोन्याचा आवाज’ म्हणू लागले तो काळ हा. दागिने, मुकुट, भूमिकांचे भरजरी पोशाख घातलेली तिची छायाचित्रे शेकड्यांनी मिळतात, पण ती या नंतरच्या काळातली आहेत.

जाता जाता : आडनावाचा फ्रेंच उच्चार आपल्या वडिलांनी लिहिला आहे त्याच्या जवळपासच आहे. मराठीत पुष्कळदा दिसणारे ‘बर्नहार्ट’ हे इंग्रजीच्या वाटेने आलेले रूप आहे. त्यांनी हे नाव कुठे ऐकले असावे, याचे मला कुतूहल वाटते.

—

काचपट्टी :

मी जुन्या रासायनिक पद्धतींनी छायाचित्रे काढतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. खांब आणि कोरी पार्श्वभूमी यांचा विचार त्या काळच्या कामाच्या पद्धतीपासून वेगळा करता येत नाही.

१८६४मध्ये छायाचित्र काढायचे म्हणजे ओल्या काचेवर काढायचे. बंदुकीसाठी वापरतात तो रासायनिक कापूस ईथर आणि मद्यार्क यांच्यात विरघळवून कोलोडियन नावाचा चिकट द्रव तयार होतो. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळून तो काचेवर सर्वत्र सारखा ओतायचा, मग ती काच अंधाऱ्या खोलीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि थर वाळायच्या आत ती धुऊन प्रतिमा उमटवायची. या साऱ्याला हाताशी पंधरा मिनिटेही नसतात. आमच्याकडे उन्हाळ्यात तर पाच-सात मिनिटांतच काच कोरडी पडू लागते. मुंबईत १८५४मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली होती आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे लोक त्यात होते. एप्रिल-मे महिन्यांत त्यांनी हे कसे निभावले असेल, याचा विचार मी दरवर्षी एप्रिल-मेमध्ये करतो.

तर, ही काच मंद असते. स्टुडिओतल्या छतावरच्या काचांमधून येणाऱ्या उजेडात काही सेकंद समोरच्या माणसाने हलता कामा नये. त्यासाठी मानेमागे लोखंडी आधार लावण्याची पद्धत होती आणि तो आधार कॅमेऱ्याला दिसू नये याची काळजी घेतली जाई. म्हणून खांब, खुर्चीची पाठ, टेबल या वस्तू शोभेसाठी ठेवलेल्या असतात ही समजूत अर्धीच खरी आहे. कोपर कशावर तरी टेकले की खांदा आणि डोके आपोआप स्थिर राहते. या चित्रातली मुद्रा सैल, जवळजवळ आळसावलेली वाटते. ती तशी वाटावी यासाठीच तो खांब तेथे आहे. आधारावाचून उभा राहिलेला माणूस चार सेकंदांत ताठरतो आणि ते चेहऱ्यावर दिसते.

आता केसांकडे पाहा. आपल्या तसबिरीत ते काळेभोर दिसत असतील. साराचे केस प्रत्यक्षात तांबूस सोनेरी होते. कोलोडियनच्या काचेला निळा आणि जांभळा प्रकाश दिसतो. लाल-पिवळा तिच्या लेखी अंधारच. त्यामुळे तांबडे केस काळे येतात, ओठ गडद येतात आणि निळे डोळे पारदर्शक वाटावेत इतके फिके पडतात. या चित्रातल्या त्या नजरेबद्दल लोक भरभरून लिहितात. त्यातला थोडा वाटा रसायनाचाही आहे, एवढेच मी सुचवतो.

कोरी पार्श्वभूमी ही मात्र नादारची स्वतःची निवड होती. त्याचे खरे नाव गास्पार-फेलिक्स तुर्नाशाँ. तो १८२०मध्ये जन्मला आणि कॅमेरा हाती घेण्याआधी व्यंगचित्रकार होता. चेहऱ्यातले नेमके काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे त्या धंद्यात शिकावेच लागते. त्याच काळात दिस्देरी नावाच्या दुसऱ्या छायाचित्रकाराने १८५४मध्ये एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि भेटकार्डाच्या आकाराच्या स्वस्त छायाचित्रांची लाट आली. त्या चित्रांमध्ये माणूस नखशिखांत असे, आणि भोवती पडदे, कठडे, टेबले, फुलदाण्या. आपण आपल्याकडच्या तसबिरींमधला जो सरंजाम म्हणता, त्याचे मूळ घराणे हेच. नादारने आपल्या उत्तम काळात हे सारे बाजूला सारले. साधा पडदा, एका बाजूने येणारा उजेड, दुसऱ्या बाजूची सावली हवी तेवढीच उजळ करण्यासाठी लावलेले पांढरे फलक, आणि समोरचा माणूस. ‘नादार’ या नावावरून धाकट्या भावाशी त्याचा जो खटला चालला, त्यात त्याने असा युक्तिवाद केला होता की छायाचित्रणाचे शास्त्र तासाभरात शिकवता येते, पण उजेडाची जाण शिकवता येत नाही. या वाक्यात थोडी फुशारकी आहे, पण या चित्रातला खांदा पाहिल्यावर ती माफ करावीशी वाटते. वस्त्राच्या गडद चुण्यांमधून वर येणाऱ्या त्या खांद्यावर उजेड ज्या क्रमाने उतरत गेला आहे, तसा तो मला आजतागायत एकदाही उतरवता आलेला नाही.

—

जुनापुराणा :

वरची दोन्ही उत्तरे आवडली, पण त्यांत एक गोष्ट राहून गेली असे वाटते. सारा तेव्हा अप्रसिद्ध होती हे मान्य. मग नादारसारख्या नामांकित माणसाने तिला इतक्या आस्थेने का टिपले? त्याच्या समोर कवी बोदलेर, चित्रकार देलाक्रुआ, संगीतकार बेर्लिओझ यांच्यासारखी माणसे बसलेली होती. जगाला जे पाच-सहा वर्षांनी कळले, ते या माणसाने आधीच ओळखले होते, असेच म्हणावे लागेल. म्हणूनच त्याने तिला कोणत्याही एका भूमिकेच्या पोशाखात बांधून न ठेवता शिल्पासारखे उभे केले.

—

पडद्याआड :

जुनापुराणा यांचे म्हणणे वाचायला फार गोड आहे आणि मलाही ते खरे असावे असे वाटते, पण ते खरे धरण्याला आधार नाही. आपण शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीची सुरुवात वाचत आहोत, हे विसरून चालणार नाही.

१८६०मध्ये नादारने कापुसिन बुलेव्हारवर ३५ क्रमांकाच्या इमारतीत भव्य स्टुडिओ थाटला होता. दर्शनी भागावर त्याच्या सहीची प्रचंड तांबडी अक्षरे होती आणि ती रात्री गॅसच्या उजेडात झळकत. अशा जागेचा खर्च दहा-वीस कवी आणि चित्रकार यांच्या चित्रांवर निघत नाही. तेथे पैसे देऊन चित्र काढून घेणारे गिऱ्हाईक रोज येत असे, आणि नट-नटी तर येतच. शिवाय १८६३पासून नादारचे निम्मे लक्ष आकाशात होते. त्याने ‘ल झेआँ’ नावाचा अजस्र फुगा बांधला. तो दुसऱ्याच उड्डाणात हॅनोव्हरजवळ कोसळला, नादार आणि त्याची पत्नी दोघेही जखमी झाले आणि कर्ज वाढले. १८६४मधला नादार हा केवळ प्रतिभेच्या शोधात निघालेला कलावंत नव्हता. तो स्टुडिओचे बिल भरण्याच्या विवंचनेतला माणूसही होता. त्या खांबापाशी त्या वर्षांत आणखी कितीतरी तरुण नटी उभ्या राहिल्या असतील आणि त्यांच्यातल्या बहुतेकींची नावे आज कोणी घेत नाही. त्यांच्या चित्रांसमोर थांबून ‘नादारने हिचे भविष्य ओळखले नव्हते’ असे आपण म्हणत नाही. साराच्या चित्रासमोर मात्र उलटे म्हणतो, कारण तिचे भविष्य आपल्याला ठाऊक आहे.

पोशाखाबद्दल मला वेगळे वाटते. ते लांब, शिवण नसल्यासारखे वस्त्र आणि तो खांब पाहून पॅरिसच्या त्या काळच्या माणसाला ग्रीक-रोमन शोकांतिका आठवली असणार. रासीनच्या नायिका रंगभूमीवर याच थाटात येत. कोमेदी-फ्राँसेजमधून बाहेर पडलेल्या मुलीने अशी मुद्रा घेणे याचा एक साधा अर्थ निघतो : मी शोकांतिकेची नटी आहे, जिमनाझच्या फार्सांची नव्हे. म्हणजे चित्रात भूमिकेचा पोशाख नाही असे आपण समजतो, पण तो आहे. फक्त ती भूमिका तिला अजून कोणी दिलेली नाही. हे माझे अनुमान आहे आणि ते मी अनुमान म्हणूनच मांडतो.

आणखी एक व्यावहारिक बाब. सारा अतिशय कृश होती. भरल्या अंगाच्या स्त्रिया सुंदर समजल्या जाण्याच्या त्या काळात व्यंगचित्रकारांनी तिला जन्मभर काठीसारखी रंगवली. या वस्त्राने तिचे सारे शरीर झाकले आहे आणि जेवढे उघडे ठेवले आहे तेवढे उत्तमच दिसते. ही युक्ती नादारची की तिची, हे चित्रावरून ठरवता येत नाही. पण पुढे आयुष्यभर तिने आपल्या छायाचित्रांबाबत जे धोरण ठेवले ते पाहता मी तिला यातून अगदीच वगळणार नाही.

—

जुनापुराणा :

पटले. ‘ओळखले’ हा शब्द मी मागे घेतो. पण त्या धोरणाबद्दल आणखी लिहाल का? प्रसिद्ध झाल्यानंतरची छायाचित्रे आणि हे छायाचित्र यांत नेमका फरक काय पडला?

—

पडद्याआड :

फरक पडला तो मुख्यतः छायाचित्र कोणासाठी काढायचे यात. १८६४चे चित्र जवळून पाहणाऱ्यासाठी आहे. १८८०नंतरची चित्रे दुकानाच्या खिडकीतून, रस्त्याच्या पलीकडच्या माणसालाही ओळखू यावीत यासाठी आहेत.

१८८०मध्ये साराने राजीनामा देऊन कोमेदी-फ्राँसेज दुसऱ्यांदा सोडले, स्वतःची मंडळी उभी केली आणि ती अमेरिकेला गेली. नोव्हेंबरात न्यूयॉर्कला तिचा पहिला प्रयोग झाला. त्या शहरात युनियन स्क्वेअरपाशी नेपोलियन सरोनी नावाचा छायाचित्रकार होता. नट-नट्यांची छायाचित्रे काढून ती विकणे हाच त्याचा व्यवसाय. गिऱ्हाइकाने छायाचित्रकाराला पैसे द्यायचे हा नेहमीचा व्यवहार त्याने उलटा केला होता. नामवंत नटाला तोच पैसे देई आणि त्या बदल्यात चित्रे विकण्याचा हक्क आपल्याकडे ठेवी. साराला त्याने १५०० डॉलर दिले, असे सांगितले जाते. तोवर भेटकार्डाचा लहान आकार मागे पडून कॅबिनेट नावाचा मोठा आकार रूढ झाला होता. साधारण पावणेअकरा सेंटिमीटर रुंद आणि साडेसोळा सेंटिमीटर उंच असे ते जाड कार्ड असे. लोक ती अल्बममध्ये लावत, दिवाणखान्यात मांडत. आपल्याकडे पुढे देवादिकांच्या आणि नटांच्या छापील तसबिरी जशा घराघरांत गेल्या, तशीच ही कार्डे तिकडे गेली.

या धंद्याचे मोल केवढे होते, ते एका खटल्यावरून कळते. सरोनीने १८८२मध्ये ऑस्कर वाइल्डची छायाचित्रे काढली. त्यांतल्या एका चित्राच्या हजारो प्रती एका शिळाछाप कंपनीने परवानगीवाचून छापल्या. यंत्राने काढलेल्या चित्राला कसला आला कर्ता, असा त्या कंपनीचा बचाव होता. १८८४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरोनीच्या बाजूने निकाल दिला. मुद्रा, वेष, पडदे, उजेड आणि सावली यांची योजना करणारा माणूस त्या चित्राचा कर्ता ठरतो, हे त्या निकालाचे सार आहे. गंमत अशी की सरोनी सहसा कॅमेऱ्याला हातही लावत नसे. तो बाजूला उभा राहून नटाकडून मुद्रा काढून घेई आणि काच उघडण्याचे काम त्याचा सहायक करी.

साराला हे सारे अचूक समजले होते. तिच्या घरी एक शवपेटी होती आणि तिच्यात डोळे मिटून पडलेली असतानाचे छायाचित्र तिने काढून घेतले. त्याची कार्डे विकली गेली आणि ‘ती शवपेटीत झोपते’ ही आख्यायिका ज्यांनी तिचे एकही नाटक पाहिले नव्हते त्यांच्यापर्यंत पोहोचली. खुद्द नादारच्याच स्टुडिओतली पुढची छायाचित्रे पाहावीत. पुढे तो स्टुडिओ त्याचा मुलगा पोल याच्या हाती गेला. १८८३मध्ये साराने मूकनाट्यातला पिएरो हा विदूषक केला, त्या वेषातली तिची छायाचित्रे तिथलीच आहेत. पांढरा ढगळ पोशाख, पांढरा फासलेला चेहरा, हातवारे आणि प्रत्येक चित्रात एक प्रसंग. ती मला आवडतात, पण त्यांत सारा दिसत नाही, पिएरो दिसतो. आणि तेच अपेक्षित होते. सारा दिसते ती आपल्या तसबिरीत, अजून काहीच झालेली नसताना.

—

खिडकीपाशी :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. इतकी वर्षे ज्या चेहऱ्यासमोर मी शाळेचा अभ्यास केला, त्याच्याबद्दल दोन दिवसांत एवढे कळेल असे वाटले नव्हते. केस खरोखरच काळेभोर आहेत. आता प्रतीबद्दल थोडे सांगाल का? चौकट उघडण्याची मला भीती वाटते.

—

काचपट्टी :

चौकट लगेच उघडू नका. काचेवरूनच, चांगल्या उजेडात, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने गालाचा आणि पार्श्वभूमीचा मधला करडा भाग पाहा. सोनाराकडे किंवा घड्याळजीकडे असते तसले भिंग पुरेल.

१८६४च्या सुमाराची प्रत असेल तर ती अल्ब्युमिन कागदावर असणार. अंड्याचा पांढरा बलक आणि मीठ यांचा थर दिलेला पातळ कागद सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवून, काचेच्या निगेटिव्हखाली दाबून, उन्हात धरून ती प्रत निघे. त्यामुळे प्रतीचा आकार काचेच्या आकाराएवढाच राही. मोठी करण्याची सोय रोजच्या कामात नव्हती. भिंगाखाली अशा प्रतीत कागदाचे तंतू अंधुक दिसतात आणि करडा रंग अखंड असतो. कागद इतका पातळ की तो नेहमी जाड कार्डावर चिकटवलेला असे. त्या कार्डावर स्टुडिओचा पत्ता छापलेला असेल तर तोही उपयोगी पडतो : कापुसिन बुलेव्हारचा पत्ता १८६०च्या दशकाचा; १८७०च्या दशकाच्या आरंभी नादार आँजू रस्त्यावर गेला, म्हणून तो पत्ता असेल तर कार्ड त्यानंतरचे. कापुसिन बुलेव्हारवरच्या त्याच रिकाम्या झालेल्या स्टुडिओत १८७४मध्ये मोने, रेन्वार, देगा आदी चित्रकारांनी आपले पहिले प्रदर्शन भरवले, ज्यातून ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव पडले. विषय तो नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

दुसरी शक्यता अशी की मूळ काचेवरूनच, पण पुष्कळ वर्षांनी काढलेली प्रत. नादारच्या काचा टिकल्या होत्या. त्या स्टुडिओचा संग्रह पुढे १९५०मध्ये फ्रेंच सरकारने घेतला. पोलच्या काळात आणि नंतरही जुन्या काचांवरून नव्या जिलेटिनच्या कागदावर प्रती निघाल्या. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, कागदाचे तंतू दिसत नाहीत आणि गडद भागात तिरप्या उजेडात कधीकधी रुपेरी झाक दिसते. प्रतिमा १८६४ची आणि कागद १९२०चा, असे सर्रास आढळते.

तिसरी शक्यता छपाईची. भिंगाखाली ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ते छायाचित्र नव्हे, छापलेले पान आहे. तपकिरी रंगावर आणि पिवळ्या कडांवर मात्र काहीही ठरवू नका. तपकिरी शाई मिळते, आणि पिवळा तर कोणताही स्वस्त कागद पडतो.

—

खिडकीपाशी :

ठिपके आहेत. गालावर, खांद्यावर, सर्वत्र, अगदी रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीत. नंतर शेजारच्या फ्रेमवाल्याकडून चौकट उघडून घेतली. आत एका मासिकातून कापलेले पान निघाले. मागच्या बाजूला दोन रकान्यांत फ्रेंच मजकूर आहे आणि खाली पानाचा क्रमांक ३१२. वडिलांना फ्रेंच येत होते, हे मला आज कळले. कारण मजकुराच्या समासात त्यांनी पेन्सिलीने तीन शब्दांचे मराठी अर्थ लिहिले आहेत. त्यांतला एक शब्द ‘पडदा’ आहे. बाकीचे दोन पुसट झाल्यामुळे मला वाचता आले नाहीत.

पान पुन्हा त्याच चौकटीत बसवावे की नाही, एवढे सांगा.

—

काचपट्टी :

बसवा, पण आधी पाठीचा जुना पुठ्ठा बदला. तसल्या पुठ्ठ्यातले आम्ल कागदात उतरते आणि तो ठिसूळ होतो. आम्लविरहित पुठ्ठा कलासाहित्याच्या मोठ्या दुकानात मिळतो. चित्र काचेला थेट चिकटू देऊ नका, मध्ये माउंटची पट्टी घाला. वडिलांच्या अक्षरातला जुना पुठ्ठा टाकू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. आणि बंद करण्याआधी पानाच्या मागच्या बाजूचे स्वच्छ छायाचित्र खिडकीच्या तिरप्या उजेडात काढा. पेन्सिलीच्या रेघेने कागद दबलेला असतो. समोरच्या उजेडात पुसट दिसणारी अक्षरे तिरप्या उजेडात पुष्कळदा वाचता येतात.

—

पडद्याआड :

ते छायाचित्र येथे टाकलेत तर फ्रेंच मजकूर मी वाचून देतो. पेन्सिलीच्या शब्दांच्या रेषेतला मूळ फ्रेंच शब्द सापडला की उरलेले दोन अर्थही लावता येतील.